पाण्यात साप दिसला, ओळखायचा कसा? बेळगाव सीमाभागातल्या नवख्यांसाठी विरोळ्याची ओळखपद्धत

मिरगाचा पाऊस लागून वाफ्यांत पाणी साचलं की एक साप सगळीकडे दिसायला लागतो. येळ्ळूर, धामणे, वडगावच्या शेतवडीत दिसतो, खानापूरकडच्या ओहोळांत दिसतो, आणि तिकडे निपाणी-सदलग्याच्या बाजूला दूधगंगेच्या काठावरही दिसतो. कोणी त्याला विरोळा म्हणतं, कोणी इरुळा, कोणी दिवड किंवा पाणदिवड. कन्नड शेजारी नीरहावू म्हणतात. तो दिसला की बांधावर दोन तऱ्हेची माणसं पुढं येतात. एक जण 'घोणस, घोणस' करत काठी शोधायला पळतो. दुसरा 'पाण्यातला हाय, काय करत नाही' म्हणत शेपटी धरायला वाकतो. पहिल्याच्या हातून बिनविषारी साप मरतो. दुसऱ्याची गत जास्त वाईट होऊ शकते, कारण नाग उत्तम पोहतो, घोणस पोहते, धामण तर पाण्यात उतरायला निमित्तच शोधत असते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर येतो तेव्हा बिळांत पाणी शिरतं आणि शिवारातला हरेक साप पाण्यावर येतो. साप पाण्यात आहे एवढ्यावरून तो पाणसाप ठरत नाही.

तेव्हा ओळख पटवायची ती अंगावरच्या नक्षीवरून, आणि तीही ठरलेल्या क्रमानं. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. साप पकडायचा कसा हे यात नाही. ते लेख वाचून शिकायचं कामही नाही.

आधी रंग बाजूला ठेवा

नवखा माणूस फोन करून सांगतो, 'पिवळा साप होता' किंवा 'हिरवट होता'. विरोळ्याच्या बाबतीत या माहितीचा उपयोग जवळजवळ शून्य. एकाच तळ्यात एक विरोळा शेवाळी हिरवट, दुसरा मोहरीसारखा पिवळा, तिसरा राखाडी-तपकिरी मिळतो. काहींच्या कुशीवर काळ्या ठिपक्यांच्या मधे तांबूस किंवा केशरी झाक असते. पिल्लांची नक्षी ठळक आणि कोरीव; मोठ्या, जुन्या मादीच्या अंगावर तीच नक्षी इतकी फिकी झालेली असते की लांबून अख्खा साप एकरंगी वाटावा.

त्यात प्रसंगाप्रसंगाचा फरक. ओला साप गडद दिसतो, बांधावर ऊन खात पडलेला तोच साप फिका. चिखलातून आलेला असेल तर सगळी नक्षी एका रंगाखाली गेलेली. कात टाकायच्या आधीचे काही दिवस कातडी मळकट होते आणि डोळ्यांवर निळसर-दुधी पडदा येतो. भरपेट बेडूक खाल्ला असेल तर पोटाजवळचे खवले एकमेकांपासून लांब होतात आणि मधली फिकी कातडी उघडी पडून अंगावर नवेच पट्टे असल्याचा भास होतो.

या सगळ्यात न बदलणारी गोष्ट एकच: डाग कुठं आहेत, किती ओळींत आहेत आणि ओळी एकमेकींशी कशा जुळतात. रंगाची नोंद जरूर करा, पण सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: लांब उभं राहा

साप जेवढा लांब वाटतो त्याच्या दुपटीपेक्षा कमी अंतरावर जायचं नाही. साधारण आठ-दहा फूट धरा. मोबाईलचा झूम त्यासाठीच असतो. साधी दुर्बीण असेल तर फारच छान. पायांत गमबूट किंवा निदान बंद बूट. हातात काठी घेऊ नका, कारण काठी हातात आली की माणसाला ती वापराविशी वाटते.

जागा म्हणाल तर भाताचे वाफे, दगडी बांधाच्या विहिरी, गावतळी, कालव्याच्या कडा, नाल्यावरचे लहान बंधारे. बेळगाव शहरातसुद्धा किल्ला तलाव आणि बळ्ळारी नाल्याच्या काठची शेती हे त्याचे अड्डे आहेत. अथणी, रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात तो कालव्यांना आणि विहिरींना धरून असतो. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळी फिरतो. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर येतात, तेव्हा बंधाऱ्याच्या सांडव्याखाली पाच-सहा विरोळे एकाच जागी तोंड वर करून थांबलेले दिसू शकतात. नवख्यानं निरीक्षण सुरू करायला यापेक्षा चांगली संधी नाही: साप भरपूर, ते खाण्यात गुंतलेले, आणि आपण काठावर. एकच सांगणं, चढणीचे मासे धरायला गेलेली पोरं अंधारात पाण्यात हात घालतात. ते टाळा.

दुसरी पायरी: डोक्याकडे बघा, डोळ्याखालच्या दोन रेषा शोधा

ही खूण सगळ्यात कामाची. विरोळ्याच्या डोळ्यापासून दोन काळ्या रेषा निघतात. पहिली डोळ्याच्या खालून जवळजवळ सरळ वरच्या ओठावर उतरते. दुसरी डोळ्याच्या मागून तिरपी निघून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते. रेषा बारीक असतात पण स्वच्छ, टोकदार पेनानं मारल्यासारख्या. अंगावरची नक्षी पुसट झालेल्या म्हाताऱ्या सापातही बहुधा या दोन रेषा टिकून असतात. म्हणून फोटो एकच मिळणार असेल तर डोक्याच्या बाजूनं घ्या. पाठीचा फोटो नंतरचा.

फोटो मोठा करून आणखी तीन गोष्टी तपासा. बाहुली गोल आहे का? विरोळ्याची गोल असते, घोणशीची उभ्या चिरेसारखी. पण नागाची बाहुलीही गोलच असते, तेव्हा 'गोल बाहुली म्हणजे बिनविषारी' हा सर्रास ऐकू येणारा नियम आपल्याकडे चालत नाही. दुसरं, डोक्यावर मोठे, एकमेकांना लागून बसलेले खवले आहेत की बारीक बारीक? विरोळ्याचे मोठे असतात, घोणशीच्या डोक्यावर मात्र बारीक खवल्यांची दाटी. तिसरं, नाकपुड्या. पाण्यात राहणाऱ्या या सापाच्या नाकपुड्या किंचित वरच्या बाजूला वळलेल्या असतात, म्हणजे बाकी अंग बुडवून तो नुसतं नाक वर ठेवू शकतो. वाफ्यातल्या पाण्यावर दोन डोळे आणि एक नाकाचं टोक तरंगताना दिसलं तर बेडूक समजून पुढं जाऊ नका.

तिसरी पायरी: मान आणि पाठ

मानेवर बहुतेक विरोळ्यांच्या दोन तिरप्या काळ्या रेघा असतात, डोक्याच्या बाजूला एकत्र येणाऱ्या आणि मागं फाकत जाणाऱ्या. तरुण सापात ही खूण गडद असते, मोठ्यात ती फुटून नुसते दोन ठिपके उरतात.

आता पाठ. काळे किंवा गडद ठिपके साधारण पाच-सहा उभ्या ओळींत डोक्यापासून शेपटीकडे जातात. महत्त्वाचं असं की शेजारच्या दोन ओळींतले ठिपके समोरासमोर येत नाहीत, एकाआड एक येतात: या ओळीत ठिपका तर त्या ओळीत मोकळी जागा. बुद्धिबळाच्या पटावरची काळी घरं जशी तिरपी एकमेकांना कोपऱ्यात भेटतात, तशी ही मांडणी. काही सापांत ठिपके इतके मोठे असतात की मधली जागाच कमी उरते आणि साप काळ्यावर पिवळ्या ठिपक्यांचा वाटतो. तरीही एकाआड एक हा नेम मोडत नाही. मांडणी सगळ्यात स्पष्ट दिसते ती मानेपासून अंगाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात. शेपटीकडे ती विरत जाते, त्यामुळे नुसती शेपटी बघून निकाल देऊ नका.

पोट पांढरं किंवा पिवळसर, मोत्यासारखं चमकदार. कधी कधी पोटाच्या आडव्या पट्ट्यांना बारीक गडद कड असते. पोट बघायची संधी मिळते ती रस्त्यावर गाडीखाली आलेल्या सापाची किंवा कातेची. जिवंत सापाला त्यासाठी उलटं करायची कल्पना कोणी मांडली तर त्याच्यापासून दोन पावलं लांब व्हा.

लांबी साधारण दोन ते चार फूट. माद्या नरांपेक्षा मोठ्या, आणि जुनी मादी पाच फुटांच्याही पुढं जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा वीतभरही नसतं. शेपटी आखूड, टोक तुटल्यासारखं दिसलं तर चकित होऊ नका. पकडीतून सुटताना या सापाची शेपटी तुटते आणि ती पालीसारखी पुन्हा वाढत नाही.

चौथी पायरी: तोतये वेगळे काढा

घोणस आधी, कारण चूक झाली तर महागात पडते. आपल्या कन्नड शेजारणीला तिचं नाव कोळकुमंडल म्हणून माहीत असतं. 'मंडल' हा शब्द कानावर आला की थांबा. घोणशीच्या पाठीवर तीन ओळी असतात: एक मणक्यावर, एकेक दोन्ही कुशींना. ठिपके लंबगोल, तपकिरी, कडेनं काळे आणि त्याबाहेर बारीक पांढरी कड असलेले. मणक्यावरचे लंबगोल बरेचदा एकमेकांना टेकतात. विरोळ्याच्या ठिपक्याला अशी दुहेरी कड कधीच नसते. घोणशीचं अंग मधे जाड, मान बारीक, डोकं त्रिकोणी, शेपटी अचानक आखूड. वागणंही वेगळं: विरोळा माणूस बघितला की पाण्यात बुडी मारतो, घोणस जागची हलत नाही, वेटोळं करून लांबलचक फुत्कार सोडत राहते. भाताच्या बांधावर, उसाच्या पाल्यात, गवताच्या गंजीखाली ती असतेच, म्हणून शेतातल्या सापाला 'विरोळाच असणार' असं धरून चालू नका.

नाग, म्हणजे नागरहावू. इथं गोंधळ उलटा होतो. चिडलेला विरोळा अंगाचा पुढचा भाग उचलतो, मान चपटी करतो आणि झेप घेतो. बघणाऱ्याला फणा वाटतो, आणि गावात 'विहिरीत नाग आहे' अशी बातमी पसरते. जरा वेळ बघा. विरोळ्याची मान चपटी होते पण तिला फण्याची रुंदी येत नाही, आणि ताणलेल्या कातडीवर काळे ठिपके मोकळे होऊन आणखीच स्पष्ट दिसतात. नागाचा फणा रुंद, मागून बहुधा चष्म्याची खूण. ती खूण काही नागांत पुसट असते, तेव्हा शंका आली की नाग समजूनच वागा.

धामण, केरेहावू. मोठी, चपळ, सरळ पोहत पलीकडच्या काठाला जाणारी. तिच्या ओठांवर एकापाठोपाठ एक बऱ्याच काळ्या उभ्या रेघा असतात, विरोळ्यासारख्या दोनच नाहीत. पाठीवर ओळीतले ठिपके नाहीत. मागच्या अर्ध्या अंगावर गडद आडवी जाळी.

नानेटी लहान, सडपातळ, पावसाळ्यात अंगणातही येणारी. पाठीवर दोन फिके पिवळे पट्टे लांबवर धावतात, आणि आडव्या काळ्या खुणा त्यांना छेदतात. पट्टे दिसले की प्रश्न मिटला.

गवत्या हिरवागार. पिल्लाच्या मानेवर मात्र गडद काळी कोनाकृती खूण आणि तिच्याजवळ पिवळा रंग असतो, त्यामुळे ते विरोळ्याचं पिल्लू वाटू शकतं. पाठीवर एकाआड एक ठिपक्यांच्या ओळी आहेत का एवढं बघा.

ऑलिव्ह कीलबॅक हा दुसरा खरा पाणसाप. वरून एकरंगी शेवाळी-तपकिरी, खालून पिवळा ते केशरी, कधी कुशीवर तांबूस रेघ. फिक्या पडलेल्या विरोळ्याशी याची गल्लत जाणकारांचीही होते. डोळ्याखालच्या दोन काळ्या रेषा नाहीत हा पहिला फरक. दुसरा फरक खाली कातेच्या भागात येईल.

खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला, यादी वाढते. ओढ्याकाठच्या पाचोळ्यात बेडोम कीलबॅक हा लहान तपकिरी, फिक्या पिवळ्या ठिपक्यांचा साप मिळतो. त्याच ओढ्यांवर, दगडावर किंवा झुडपाच्या फांदीवर, मलबारी चापडा बसलेला असतो. तो विषारी. हिरवा, पिवळा, तपकिरी, शेवाळी अशा किती तरी रंगांत येतो, म्हणजे रंगावर भिस्त ठेवणाऱ्याची इथं पूर्ण फसगत. त्रिकोणी डोकं, बारीक मान आणि डोळा व नाकपुडीच्या मधला खड्डा ही त्याची ओळख. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या सापासाठी बनवलेलं नाही, तेव्हा त्या ओढ्यांत अनवाणी उतरणं म्हणजे उगाच जुगार. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत जायचं तर वनखात्याची परवानगी लागते.

मण्यार (कट्टुहावू) आणि फुरसं यांची विरोळ्याशी गल्लत सहसा होत नाही. दुरक्या घोणस मात्र अथणी-सौंदत्तीच्या कोरड्या मातीत सापडते; ती जाड, डागाळलेली, आखूड शेपटीची आणि बिनविषारी असते.

पाचवी पायरी: कात मिळाली तर सोनं

वर्गीकरण खऱ्या अर्थानं शिकायचं तर कात हे सगळ्यात सुरक्षित साधन. विहिरीच्या दगडी सांध्यांत, कालव्याच्या पिचिंगमधे (काठाच्या दगडी अस्तरात), बांधावरच्या करवंदीच्या जाळीत ती सापडते. हातानं ओढण्याआधी आसपास साप नाही ना, हे टॉर्च मारून बघा. आणली की कोमट पाण्यात भिजवा, ओली असतानाच वर्तमानपत्रावर पसरा आणि टिपकागदानं दाबून सुकवा. सुकल्यावर खिडकीच्या काचेला धरा. साप गेला तरी नक्षीची फिकी सावली कातेत उरलेली असते. एकाआड एक ठिपक्यांच्या ओळी उजेडात चक्क मोजता येतात. डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यासुद्धा कातेबरोबर आलेल्या असतात.

आता मोजणी. कातेच्या मधोमध जागा धरा. पोटावरचे रुंद आडवे पट्टे सोडून द्या. त्यांना लागून असलेल्या पहिल्या खवल्यापासून सुरू करा आणि तिरपं वर, मणक्यावरून, दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यापर्यंत एकेक खवला मोजत जा. सुईचं टोक किंवा काडेपेटीतली काडी वापरा, बोटानं चुकतं. विरोळ्यात आकडा १९ येतो. घोणशीत तो २७ ते ३३ असतो. नागात विसाच्या पुढं, धामणीत १७ च्या आसपास, मण्यारीत १५ ते १७. म्हणजे एका मोजणीत घोणस बाहेर पडते. मणक्याजवळच्या खवल्यांवर मधोमध बारीक कणा (उंचवट्याची उभी रेघ) असतो, कडेच्या ओळी गुळगुळीत; घोणशीचा कणा याहून किती तरी खरखरीत.

दुसरी तपासणी शेपटी सुरू होते तिथली. गुदद्वार झाकणारा पोटाकडचा शेवटचा खवला अखंड आहे की मधोमध चिरलेला? विरोळ्याचा चिरलेला असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचाही अखंड असतो. त्यामुळे चिरलेला दिसला तर कात या चौघांपैकी कुणाचीच नाही असं सांगता येतं. उलट मात्र खरं नाही: अखंड दिसला म्हणजे विषारीच, असं नव्हे.

नानेटी आणि ऑलिव्ह कीलबॅक यांचाही आकडा १९ च येतो, म्हणून मोजणीवर थांबू नका. डोक्याचा भाग शाबूत असेल तर नाकपुड्यांच्या मधे बघा. विरोळ्यात तिथं दोन छोटे खवले शेजारी शेजारी असतात, ऑलिव्ह कीलबॅकमधे एकच. वरच्या ओठावर विरोळ्याचे साधारण नऊ खवले भरतात आणि त्यांतले चौथा व पाचवा डोळ्याला टेकतात. भिंग लागेल, घड्याळजीकडचं जुनं भिंगही चालतं. लांबी मात्र कातेवरून सांगू नका, कात निघताना ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते.

वर्गीकरणात जागा

कॉलेजच्या पोरांना हे लागतं म्हणून थोडक्यात. विरोळ्याचं आजचं शास्त्रीय नाव फाउलिया पिस्केटर. जुन्या पुस्तकांत आणि वनखात्याच्या जुन्या पाट्यांवर झेनोक्रोफिस पिस्केटर दिसेल, त्याहून जुन्यांत नॅट्रिक्स पिस्केटर, साप तोच. जर्मन अभ्यासक श्नायडर यानं १७९९ साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पॅट्रिक रसेल यानं कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांच्या केलेल्या चित्र-नोंदीवरून. घोणशीच्या शास्त्रीय नावात ज्याचं नाव आहे तोच हा रसेल. खवल्यांवर कणा असलेल्या, बहुतांशी पाण्याजवळ राहणाऱ्या सापांचा जो मोठा गट आहे त्यात विरोळा, नानेटी, गवत्या, ऑलिव्ह कीलबॅक सगळे येतात, पण प्रत्येकाची प्रजाती वेगळी.

अंडी घालणारा साप. मादी बिळात किंवा बांधाच्या पोकळीत अंडी घालते, संख्या बरेचदा तीस-चाळीसच्या पुढं, आणि ती अंड्यांजवळ थांबते. खाणं मासे, बेडूक, पिल्लांचं बेडकाची पिल्लं आणि लहान मासळी. कातड्यासाठी पूर्वी याची मोठी शिकार व्हायची, म्हणूनच भारतानं त्याला साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो मारणं, पकडून ठेवणं, विकणं गुन्हा आहे. पंचमीला टोपलीत घेऊन दारात येणाऱ्यालाही हाच कायदा लागू होतो.

चावला तर

विरोळा बिनविषारी, पण गरीब नव्हे. बिनविषारी सापांत इतका झटपट आणि वारंवार चावणारा दुसरा क्वचितच. दात बारीक आणि पुष्कळ, जखमेतून रक्त बराच वेळ येत राहतं, आणि पकडला तर घाण वासाचा द्रव अंगावर सोडतो. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पण हे सगळं साप विरोळाच होता याची खात्री असेल तर. अंधारात, पाण्यात, पायाला काहीतरी डसून गेलं असेल तर कोणती रेषा आणि कोणती ओळ? अशा वेळी घोणस समजून वागायचं. चावलेला भाग हलवू नका, अंगठ्या-पैंजण काढा, आवळपट्टी बांधू नका, चिरा मारू नका, तोंडानं ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि तालुक्याचं सरकारी रुग्णालय किंवा बेळगावचं जिल्हा रुग्णालय गाठा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. लांबून मिळालेला फोटो असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. नसेल तरी बिघडत नाही, कारण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं आणि ते द्यायचं की नाही हे लक्षणं व रक्त गोठण्याची तपासणी बघून ठरतं. कन्नड येत नसेल तर दारात एवढंच म्हणा: 'हावू कच्चिदे'. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, त्यामुळे दाखल होताना जागा, वेळ असं सगळं विचारलं जाईल, नीट सांगा.

नोंद आणि फोटो

वही ठेवा. तारीख, वेळ, गाव-शिवार, पाणी वाहतं की साचलेलं, अंदाजे लांबी, डोळ्याखालच्या रेषा दिसल्या का, पाठीवर किती ओळी मोजता आल्या, मानेवर खूण होती का, साप काय करत होता. रंग शेवटच्या रकान्यात. जाणकाराला फोटो पाठवताना तीन पाठवा: डोकं बाजूनं, मान व पुढचं अंग वरून, आणि सगळा साप आसपासच्या जागेसह. फिल्टर लावू नका, उजेड वाढवू नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलात तर ठिकाणासह नोंद राहते आणि इतरांकडून ओळख तपासून मिळते.

राहिला एक नेहमीचा प्रसंग. तळ्यात लावलेल्या नायलॉनच्या जाळ्यात विरोळा अडकतो आणि धागे खवल्यांखाली रुततात. ओढाओढी केली की धागा आणखी आत जातो आणि साप तर चावतोच. जाळं सापासकट कडेच्या सावलीत घ्या, वर ओलं पोतं टाका आणि वनखात्याला किंवा गावातल्या अनुभवी सर्पमित्राला बोलवा. तो येऊन बारीक कात्रीनं धागे एकेक करून कापेल. जाळं वाचवायचा विचार त्या दिवशी सोडा. विहिरीतल्या विरोळ्यासाठी मात्र कुणाला बोलवायची गरज नाही. दगडी बांधाची विहीर असेल तर तो स्वतः चढून येतो-जातो, आणि सिमेंटची गुळगुळीत रिंग असेल तर एक लांब, खरखरीत फांदी काठाला टेकवून आत सोडून ठेवा.